हिच्या आईला पाहिलंय का?

भाद्रपदातला पाऊस थांबून थांबून पडत होता आणि फोंड्याच्या त्या जनावरांच्या दवाखान्यात ओल्या केसांचा, फिनेलचा आणि कुणीतरी घाबरून सांडलेल्या मुताचा वास एकत्र भरून राहिला होता. आमच्या काळी नावाच्या कुत्रीच्या कानामागे गोचिडांची रांग लागली होती, म्हणून मी तिला घेऊन बसले होते. समोरच्या बाकावर एक तरुण होता, मांडीवर नव्या कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू. ऑस्ट्रेलियन शेफर्ड. राखाडी अंगावर काळे डाग, चारही पाय पांढरे, एक डोळा तपकिरी आणि दुसरा फिकट निळा. दवाखान्यातला प्रत्येक जण वाकून त्या डोळ्याकडे बघत होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी न राहवून विचारलं, "कितल्याक हाडलें रे?" त्याने आकडा सांगितल्यावर त्यांनी तोंडावर हातच ठेवला. मग त्याचा नंबर लागला. आतलं दार उघडंच होतं. डॉक्टरबाईंनी पिल्लाच्या पोटाखालची त्वचा बोटाने ताणून बघितली, दोन गोचिडी चिमट्याने काढून स्पिरिटच्या बाटलीत टाकल्या आणि म्हणाल्या, "नेहमीचं इंजेक्शन मी याला देणार नाही. याच्या आई-बापाची एमडीआर-वनची टेस्ट झाली होती का?" त्या मुलाने लगेच पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. "पेपर आहेत ना, डॉक्टर. दोन्हीकडचे. बाप चॅम्पियन आहे." डॉक्टरबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी न मोडता परत दिला. "हा कागद चांगला आहे. पण मी विचारलं ते यात नाही," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांनी चघळायची दुसरी गोळी लिहून दिली.

ते "पेपर आहेत ना" मला पुढे बरेच दिवस सोडेना.

त्या मुलाचं काही चुकलं होतं असं मला वाटत नाही. त्याने विचारायचं ते सगळं विचारलं होतं. आपल्याकडे कुत्रा घेताना एवढंच विचारतात: पेपर आहेत का, रंग कोणता, बापाने शोमध्ये काय मिळवलं, घरपोच देणार का. केनेल क्लबच्या नोंदणीचा कागद पिल्लाचा वंश सांगतो. बाप कोण, आई कोण, आजोबा-पणजोबा कोण, हे त्यात नीट लिहिलेलं असतं आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही, कारण वंश माहीत असल्याशिवाय पुढचं काहीच शोधता येत नाही. पण त्या आईचे खुबे कसे आहेत, बापाच्या डोळ्यांचा पडदा धड आहे का, दोघांच्या रक्तात कोणतं दुखणं लपून बसलंय, याबद्दल तो कागद मुका असतो. सोयरीक जुळवताना कुळ, मूळ, गोत्र सगळं बघायचं आणि मुलाला फिट येतात का हे विचारायचंच राहून जायचं, तशातली ही गत. पिल्लाच्या बाबतीत तर ते स्वतः पुढे दहा-बारा वर्षं ते दुखणं अंगावर काढणार असतं आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

एमडीआर-वनची गोष्ट मला डॉक्टरबाईंनी नंतर निवांत सांगितली आणि मग मी तिच्या मागेच लागले. मेंढ्या राखायला घडवलेल्या कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी अशा कुळातल्या कुत्र्यांमध्ये एमडीआर-वन नावाच्या एका जनुकातली चार अक्षरं गळून गेलेली असतात. त्या जनुकाचं काम मेंदूच्या दारावर पहारा करायचं. रक्तातून आलेलं औषध मेंदूत शिरायला लागलं की ते परत बाहेर उपसून टाकायचं. चार अक्षरं गेली की पहारा गेला. मग इतर कुत्र्यांना सहज पचणारं औषध या कुत्र्यांच्या मेंदूत साठत जातं. आधी लाळ गळते, चाल अडखळते, बुबुळं मोठी होतात, दिसेनासं होतं, आणि मात्रा मोठी असेल तर कुत्रं बेशुद्ध पडतं ते काही वेळा उठतच नाही. कोली कुत्र्यांना आयव्हरमेक्टिन हे जंत-खरजेवरचं औषध सोसत नाही हे 1980 च्या दशकातच लक्षात आलं होतं. कारण सापडलं 2001 साली, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात. पुढे संशोधकांनी हा दोष उलट दिशेने शोधत नेला तेव्हा तो ब्रिटनमधल्या एकाच कुत्र्यापाशी जाऊन पोचला. ते कुत्रं 1873 च्या आधीचं, म्हणजे लंडनचा केनेल क्लब निघून जातींची वह्या-रजिस्टरं सुरू झाली त्याच्याही आधीचं. कुठल्या तरी ओल्या टेकडीवर मेंढ्यांमागे धावणारं, नाव कुठेच न नोंदलेलं एक गुणी जनावर असणार ते. गुणी होतं म्हणूनच त्याची पिल्लं लोकांनी मागून नेली. आज कोली जातीत दहातल्या सातांत आणि ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये जवळपास निम्म्यांत तो दोष सापडतो.

आणि हे सगळं गोव्यात महत्त्वाचं, कारण गोवा गोचिडांचा प्रदेश आहे. इथली दमट हवा, भाटांतलं गवत, रस्त्यावर बसलेली गुरं. पावसाळा उतरणीला लागला की घराघरांत पडवीवर कुत्र्याला आडवं पाडून गोचिडी वेचायचा कार्यक्रम सुरू होतो. माझ्या लहानपणी त्यासाठी रॉकेलचा डबा असायचा. फुगलेली गोचीड त्यात पडली की 'टक्' असा बारीक आवाज यायचा. मग गोचीड-ताप, मग खरूज, आणि गोचिडी-खरजेवर हाताशी असलेलं स्वस्त औषध म्हणजे आयव्हरमेक्टिन. आपल्या ओळखीचंच नाव. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, 18 वर्षांवरच्या सगळ्यांनी या गोळ्या घ्याव्यात असं इथल्या सरकारने जाहीर केलं होतं आणि कित्येक घरांत त्या पाकिटांतल्या उरलेल्या गोळ्या नंतरही पडून होत्या. औषध मोठंच आहे. जपानच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते निघालं, माणसांना आंधळं करणाऱ्या रोगावर चाललं आणि त्यासाठी 2015 साली नोबेलही मिळालं. पण हृदयातल्या जंतांपासून बचावासाठी कुत्र्याला महिन्याला दर किलोमागे 6 मायक्रोग्रॅम इतकं ते पुरतं, आणि एवढी मात्रा दोष असलेल्या कुत्र्यालाही चालते. खरजेसाठी मात्र 300 ते 600 मायक्रोग्रॅम देतात. दोन्हींमधलं हे अंतर ओळखीचा कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन देतो तेव्हा कोण मोजतं? जुलाब थांबवायची जी साधी लोपरामाइडची गोळी आपल्या औषधांच्या डब्यात असते, तीसुद्धा या कुत्र्यांना घातक ठरते. म्हणजे गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून एकदा केलेली तपासणी पुढे आयुष्यभर प्रत्येक औषधाच्या वेळी उपयोगी पडते. आणि आई-बाप दोघेही निर्दोष असल्याचा अहवाल हातात असेल तर पिल्लाची वेगळी तपासणी करायचीही गरज उरत नाही.

डिचोलीच्या आमच्या घरी आजोबांचा अल्सेशियन होता. टायगर. खाणीवरच्या एका साहेबांनी बदली होऊन जाताना दिलेला. तेव्हा जर्मन शेफर्ड असं कोणी म्हणत नसे. सोप्यावरच्या लाल सिमेंटवर तो पसरायचा तेव्हा दारातून आत येणाऱ्याला त्याला ओलांडावं लागे आणि ओलांडायची कोणाची हिंमत नसे. मी शाळेत असताना तो आठ-नऊ वर्षांचा झाला आणि एक दिवस त्याच्या चालण्याचा आवाज बदलला. चार पायांची टकटक होती तिथे मध्ये एक खरखर येऊ लागली. मागचा डावा पाय उचलायच्या ऐवजी तो ओढत होता. नखं वरच्या बाजूने झिजून सपाट झाली, मग त्यांतून रक्त येऊ लागलं. आजोबा रोज संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून त्याचे पंजे चोळत आणि जुन्या धोतराची पट्टी गुंडाळत. "पायावरून वारं गेलं," असं घरात म्हणत. पुढे त्याचा मागचा सगळा भाग बसला. तरीही फाटक वाजलं की पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तो सोप्याच्या टोकाशी यायचा आणि भुंकायचा. त्याच्या डोळ्यांत दुखल्याची खूण मला कधी दिसली नाही. पाय का ऐकत नाहीत याचं नवल मात्र दिसायचं.

आता वाचते तेव्हा वाटतं, ते मज्जारज्जू झिजण्याचं दुखणं असावं. जर्मन शेफर्ड आणि कॉर्गी या दोन्ही गुरं-मेंढ्या राखणाऱ्या जातींत ते बरंच आढळतं, उतारवयात सुरू होतं आणि खरंच फारसं दुखत नाही. त्यामागचा जनुकातला बदल 2009 साली सापडला. टायगरच्या वेळी अशी तपासणी जगात कुठेच नव्हती, त्यामुळे तेव्हा कुणाला बोल लावायचं कारण नाही. पण आज आहे. दोन्हीकडून तो बदल आला तरच पिल्लाला धोका, एकीकडूनच आला तर ते नुसतं वाहक. थॅलेसेमियाचं आपल्याला माहीत असतं तसंच हे. म्हणून वाहक कुत्रीला वंशातून बाद करायचं काही कारण नसतं. तिचं लग्न निर्दोष कुत्र्याशी लावलं की त्या वेतातलं एकही पिल्लू त्या दुखण्याने खंगत नाही. उलट अहवालात वाहक लिहून आलं की सगळ्यांनाच बाद करत सुटलो तर आधीच मूठभर पूर्वजांवर उभी असलेली जात आणखी आकसते आणि दुसरी दुखणी डोकं वर काढतात. चांगला ब्रीडर अहवाल लपवत नाही तो याचसाठी. 'आई वाहक आहे, बाप निर्दोष आहे' असं जो आपणहून सांगतो, त्याच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

खुब्यांचं मात्र इतकं सरळ नाही. तिथे एक जनुक नाही, अनेक आहेत, आणि वर खाणं, वजन, घरातली फरशी यांचाही वाटा आहे. चकचकीत टाइल्सवर घसरत वाढणारं, कौतुकाने ठोसून भरवलेलं मोठ्या जातीचं पिल्लू खुबे बिघडवून घेतं. तरीही आई-बापाचे खुबे चांगले असतील तर धोका उतरतो, आणि ते कळायला एक्स-रेशिवाय मार्ग नाही. त्याची एक आठवण मनात घर करून आहे. मैत्रिणीला जर्मन शेफर्ड हवा होता म्हणून तिच्याबरोबर मी सासष्टीतल्या एका बाईंकडे गेले होते. जुनं घर, पुढे बल्कांव म्हणजे बसायची पडवी, अंगणात जांभ्याचा चिरा पावसाने काळा पडलेला. त्यांची कुत्री समोर येऊन उभी राहिली आणि आम्ही दोघी बघतच राहिलो. पाठ, मान, चाल, सगळं देखणं आणि स्वभाव असा शांत की मैत्रिणीच्या लहान मुलाने तिचा कान ओढला तर तिने नुसती मान फिरवली. मैत्रिणीने या कुत्रीच्या पहिल्याच वेतातल्या पिल्लासाठी आगाऊ पैसे देऊन ठेवले होते. बाई आत गेल्या आणि दोन पाकिटं घेऊन आल्या. एकात ते पैसे होते. दुसऱ्यातून त्यांनी एक्स-रेची फिल्म काढली आणि बल्कांवातून येणाऱ्या उजेडासमोर धरली. उजवीकडे मांडीच्या हाडाचा गोल गोळा वाटीत घट्ट बसलेला दिसत होता. डावीकडे वाटी उथळ होती आणि गोळा तिच्यातून अर्धा बाहेर सरकलेला. मैत्रीण म्हणाली, "पण चालते तर किती सुंदर!" बाई म्हणाल्या, "चालणं मी पण बघतंय, बाय. आतलं इथे दिसतं. हिला मी आई करणार नाही."

दोन वर्षं त्यांनी त्या कुत्रीला याच दिवसासाठी वाढवलं होतं.

मी तेव्हापासून मानते की तपासणीचं सगळं मोल त्या एका वाक्यात आहे. एक्स-रे कोणीही काढेल, गालाची काडी कोणीही फिरवेल. अहवाल वाईट आल्यावर लाडकीचं वेत सोडून द्यायची तयारी नसेल तर ते कागद नुसते फोल्डर जाड करतात. अमेरिकेत 1966 पासून कुत्र्यांच्या खुब्यांची प्रतवारी करणारी संस्था दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय कायमचं प्रमाणपत्र देत नाही, कारण त्याआधी हाडांचा शेवटचा निकाल लागलेला नसतो. आपल्याकडे 2017 साली कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्रीय नियम आले. कुत्री 18 महिन्यांची झाल्याशिवाय तिला वेत घेऊ देऊ नये, वर्षाला एकाहून जास्त वेत नको, जन्मात पाचांहून जास्त नको, 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी. नियम चांगले आहेत आणि ते पाळले जावेत असं मला मनापासून वाटतं. पण 18 महिने आणि दोन वर्षं यांच्यात सहा महिन्यांची फट राहते. ती कायदा बुजवत नाही. ती ब्रीडरने आपल्या मनाने थांबून बुजवायची असते.

त्या निळ्या डोळ्याचंही सांगायला हवं, कारण पिल्लं विकली जातात ती बरेचदा त्या डोळ्यावरच. राखाडी-काळ्या शिंतोड्यांचा तो रंग म्हणजे मर्ल. त्याचं एकच जनुक आलं तर कुत्रा देखणा होतो. पण मागणी आहे म्हणून मर्लला मर्ल लावला तर सरासरी चारातल्या एका पिल्लाला ते दोन्हीकडून मिळतं. ते पिल्लू बहुतेक पांढरंच जन्मतं आणि पुष्कळदा बहिरं, आंधळं किंवा दोन्ही असतं. फसवणारी गोष्ट अशी की काही कुत्रे वरून साध्या रंगाचे दिसतात आणि मर्ल त्यांच्यात लपलेला असतो. नुसतं बघून जोडी लावणाऱ्याला ते कळणार नाही. पांढऱ्या पिल्लांचं पुढे काय होतं हे मी एकदा एका ब्रीडरला विचारलं होतं. त्याने विषय बदलला. त्याचा राग मला अजून आहे.

सत्तरीत म्हादईच्या बाजूला धनगरांची वस्ती आहे, तिथे मैत्रिणीच्या ओळखीने मी एका संध्याकाळी गेले होते. म्हशी रानातून परत येत होत्या. गळ्यातल्या लाकडी घंटांचा बोदा आवाज आधी आला, म्हशी मागून. आणि सगळ्यांच्या मागे, थोडी बाजूला, एक तांबूस कुत्री. खांद्यावर जुन्या जखमेची केस नसलेली रेघ होती. बिबट्याची, असं घरधन्याने सांगितलं. एक रेडकू वाट सोडून ओढ्याकडे वळलं तेव्हा ती भुंकली नाही, धावलीही नाही. चार पावलं पुढे जाऊन त्याच्या वाटेत नुसती उभी राहिली आणि रेडकू आपोआप फिरलं. ही कुठून आणली, असं मी विचारलं. घरधन्याला प्रश्नच कळला नाही. "आणली म्हणजे? हिच्या आईला आम्ही पाहिली होती ना," तो म्हणाला. तिथे कागद नव्हता, तपासणी नव्हती. पण आईचं अख्खं आयुष्य, ती रानात कशी वागली, शेवटपर्यंत तिचे पाय कसे चालले, हे सगळं त्या माणसाने डोळ्यांनी बघितलेलं होतं. मला त्या जगण्याला उगाच गोंडस करायचं नाही. तिथे जे पिल्लू अशक्त निघतं ते जगत नाही आणि त्याचं कोणी दुःखही करत नाही. पण शहरात आपण पिल्लाच्या आईला बघतसुद्धा नाही. फोनवर फोटो येतो, पैसे जातात, पेटी येते. आईला बघितल्याची जागा भरून काढायला आपल्याकडे आता एक्स-रे आणि गालाची काडी आहे, आणि ती मागायला आपण संकोचतो.

माझ्या भाच्याने मात्र संकोच केला नाही. तो पणजीला राहतो आणि त्याला बॉर्डर कोली हवा आहे. मी त्याला म्हटलं, आधी पिल्लू मागू नकोस, आईचे कागद माग. खुब्यांचा एक्स-रे, डोळ्यांचा अहवाल आणि या जातीत लागणाऱ्या जनुकांच्या तपासण्या. पिल्लांचे डोळे सहा ते आठ आठवड्यांचे असताना दाखवलेत का हेही विचार, कारण डोळ्याचा एक जन्मजात दोष पुढे रंग भरला की तपासणाऱ्यालाही दिसेनासा होतो. त्याने फोन लावले. एकाने "पेट घ्यायचाय की पीएचडी करायचीय?" असं म्हणून फोन ठेवला. एकीने बाकी सगळं पाठवलं, आईच्या खुब्यांचा एक्स-रे सोडून. तो दोनदा मागितला तेव्हा तिने उत्तर देणंच बंद केलं. बेळगावच्या एका गृहस्थांनी मात्र उलट त्यालाच प्रश्न विचारले. घरी दिवसभर कोण असतं, फरशी कसली आहे, एप्रिल-मे मध्ये दुपारी कुत्रा कुठे ठेवणार. मग त्यांनी दोघांचे अहवाल पाठवले. आई एका दुखण्याची वाहक, तिथे खूण करून लिहिलं होतं, 'बाप निर्दोष, काळजी नको.' वेत पुढच्या वर्षी. कुत्रीला दोन वर्षं पूर्ण झाली की खुब्यांचा शेवटचा एक्स-रे काढणार, तो चांगला आला तरच. नाही आला तर पैसे परत, असंही त्यांनी आधीच सांगून टाकलं आहे.

भाचा खूश आहे. माझं मन अजून तयार नाही, आणि ते मी त्याला सांगते. दिवसभर डोंगर चढायला-उतरायला घडवलेला, दुहेरी केसांचा कुत्रा आपल्या उकाड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय करणार? तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या तरी काम नसलेला बॉर्डर कोली खिन्न होतो, भिंती चाटतो, सावल्यांमागे लागतो. "मावशी, पहाटे मिरामारला नेईन, संध्याकाळी कांपालला. आणि शिकवेन त्याला खूप काही," तो म्हणतो. मी म्हणते, जूनमध्ये चार दिवस झड लागली की मग? तो म्हणतो, रेनकोट घालून जाईन. गेल्या रविवारी जेवताना यावर आमचं पुन्हा वाजलं. वेताला अजून वर्ष आहे. तोवर त्याने रोज पहाटे पाचला उठून आमच्या काळीला फिरवून आणायचं असं ठरलं आहे, आणि आजपर्यंत तरी तो येतो आहे.